एन्झाइम मण्यांवर बसवायला निघालात? आधी माझी साठ मिनिटं ऐका

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी दिवाळीला घरी गेले, तेव्हा लॅपटॉपवर एक बार ग्राफ मुद्दाम उघडा ठेवला होता. दहा खांब, जवळजवळ एका उंचीचे. दर खेपेला किती पेनिसिलीन तुटलं ते: पहिला ९७ टक्के, दहावा ९५. चिटोसानच्या मण्यांवर बसवलेलं पेनिसिलीन ॲसायलेज, म्हणजे पेनिसिलीन तोडणारं एन्झाइम, दहा वेळा वापरलं तरी नव्यासारखंच राहतं, असं तो ग्राफ सांगत होता. बाबा साखर कारखान्यातून पॅनमन (साखरेचा पाक शिजवणारे) म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सगळे सारखेच? झिजत नाही काय तुझं एन्झाइम? आमच्या मिलचा रोलर लोखंडाचा, तोसुद्धा एका सीझनला झिजतो."

मी हसले. म्हटलं, "बाबा, तीच तर कमाल आहे ना."

त्या हसण्याची लाज वाटायला मला पुढे दोन वर्षं लागली. अजूनही वाटते, म्हणून हे लिहायला बसले. ज्यांनी नुकताच इमोबिलायझेशनचा, म्हणजे एन्झाइम मण्यांसारख्या घन पदार्थावर बसवायचा, प्रोजेक्ट घेतलाय किंवा घेणार आहेत, त्यांच्यासाठी आहे हे. ॲडसॉर्प्शन, कोव्हॅलंट, एन्ट्रॅपमेंट, क्रॉसलिंकिंग हे चार प्रकार तुम्हाला पाठ असणारच, परीक्षेत पाच मार्कांना येतात. मी ते पुन्हा सांगणार नाही. केएम, व्हीमॅक्स (एन्झाइमच्या वेगाचे आकडे), ब्रॅडफर्ड (प्रोटीन मोजायची चाचणी) हेही येतं असं धरून चालते.

एक मात्र सुरुवातीलाच सांगते, कारण नवीन मुलं 'नॉव्हेल' हा शब्द फार पटकन लिहितात. या विषयात नवीन फारसं काही उरलेलं नाही. कोळशाच्या भुकटीला चिकटलेलं इन्व्हर्टेज (साखर तोडणारं एन्झाइम) काम करत राहतं, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ मध्येच दाखवलं होतं. जपानमध्ये तानाबे कंपनीत चिबाता यांच्या गटाने १९६९ मध्ये ॲमिनोॲसायलेज कॉलममध्ये भरून अमिनो आम्लांचं कारखान्याच्या पातळीवर उत्पादन सुरू केलं. या क्षेत्रातला एक मोठा माणूस, काचाल्स्की-कात्झिर, मधल्या काळात इस्रायलचा राष्ट्राध्यक्षही होऊन आला आणि नंतर १९८५ मध्ये त्याला याच कामासाठी जपान प्राइझ मिळालं. अमेरिकेत मक्याच्या स्टार्चपासून फ्रुक्टोजचं सिरप बनवतात, त्यातलं ग्लुकोज आयसोमरेज साधारण ५५ ते ६० अंशांना कॉलममध्ये महिनोन् महिने चालतं. तेव्हा केळीच्या सालीवर अमायलेज चिकटवून 'फर्स्ट रिपोर्ट' लिहिताना थोडं थांबा.

पुण्यात शिकणाऱ्यांना हा विषय परका वाटायचं तर कारणच नाही. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, पेनिसिलीनसाठी. पेनिसिलीन-जी नुसतं इंजेक्शनपुरतं नसतं. त्याची एक बाजूची साखळी तोडली की ६-एपीए मिळतं, आणि त्यावर दुसरी साखळी जोडली की अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन. ही साखळी तोडायची जुनी रासायनिक पद्धत म्हणजे फॉस्फरस पेंटाक्लोराइड, डायक्लोरोमिथेन आणि उणे ४० अंश. एन्झाइमची पद्धत म्हणजे पाणी, पीएच ८ च्या आसपास, तापमान तिशीत. फरक इतका मोठा असूनही एन्झाइमची पद्धत परवडते ती फक्त ते पुन्हा पुन्हा वापरता आलं तरच. एकदा वापरून ओतून द्यायचं तर हिशेब बसत नाही. म्हणजे या सगळ्या धंद्याचा जीव 'किती वेळा वापरता येतं' या एका आकड्यात आहे, आणि नेमका तोच आकडा मी चुकीचा मोजला.

त्याच्या आधी केलेल्या बारीक चुका पटापट सांगून टाकते. एम.एस्सी.ला अल्जिनेटचे सुंदर मणी केले, गोल, पांढरे, साबुदाण्यासारखे. रात्रभर फॉस्फेट बफरमध्ये ठेवले. सकाळी मणी नव्हतेच, तळाशी खीर. अल्जिनेटची जाळी धरून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेटने ओढून घेतलं आणि जाळी सुटली. सिट्रेटही तेच करतं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी ग्लुटराल्डिहाइडने (एन्झाइम मण्याला बांधणारं रसायन) एन्झाइम बसेना. तीन महिने. सुपरनेटंटमध्ये, म्हणजे वर उरलेल्या द्रावणात, सगळं प्रोटीन जसंच्या तसं. शेवटी कळलं की अमोनियम सल्फेटने एन्झाइम खाली बसवल्यावर डायलिसिस (क्षार धुऊन काढणं) अर्धवट झालं होतं आणि उरलेला अमोनियाच ग्लुटराल्डिहाइड खाऊन बसत होता. ट्रिस बफरचंही तसंच, त्यातही अमिनो गट असतो. यात शरमण्यासारखं काही नाही. माझ्या ओळखीत एकही माणूस असा नाही, ज्याने या तिघांपैकी निदान एक चूक केली नाही.

मॅग्नेटिक स्टररची गोष्ट जरा वेगळी, कारण ती चूक यशाच्या वेषात आली. चौथ्या सायकलला माझी ॲक्टिव्हिटी १०८ टक्के आली. सहाव्याला ११४. मी माझ्या गाइड मॅडमना जाऊन सांगितलं की एन्झाइम 'ॲक्टिव्हेट' होतंय. मॅडम घाईत होत्या, म्हणाल्या, "इंटरेस्टिंग, डिस्कशनमध्ये लिही." आमच्या लॅबमध्ये एक अटेंडंट दादा होते, भांडी धुणारे. त्यांनी बीकर उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "ताई, हे पाणी गढूळ का आहे?" मॅग्नेटची कांडी मणी दळत होती, जात्यासारखी. मणी फुटले की आतला भाग उघडा पडतो आणि वेग वाढल्यासारखा दिसतो. त्या दिवसापासून वरून ढवळणारा ओव्हरहेड स्टरर, नाहीतर शेकर. लॅबमध्ये ओव्हरहेड स्टरर नसेल तर शेजारच्या केमिकल इंजिनीअरिंगच्या लॅबमधून मागून आणा. लाज धरू नका.

आता मुख्य गोष्ट. इथे मी पाल्हाळ लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

माझा प्रयोग असा होता. पेनिसिलीन-जीचं द्रावण, त्यात मणी, पीएच ८ वर धरून ठेवलेला. दर खेपेला ६० मिनिटं. साठाव्या मिनिटाला नमुना काढायचा, पीडीएबी (६-एपीएबरोबर पिवळा रंग देणारं रसायन) घालायचं, पिवळा रंग ४१५ नॅनोमीटरला वाचायचा, ६-एपीए किती झालं ते काढायचं. मणी गाळायचे, धुवायचे, पुन्हा नवीन द्रावण. अशा दहा खेपा. प्रत्येक खेपेचं कन्व्हर्जन, म्हणजे टाकलेल्यापैकी किती टक्के पेनिसिलीन तुटलं ते, पहिल्या खेपेच्या शेजारी मांडायचं. ६० मिनिटं का? कारण ज्या पेपरवरून मी पद्धत घेतली त्यात ६० मिनिटं होती. दहा खेपा का? कारण सगळे दहाच करतात.

यात चूक काय, ते मला कुणी त्या वेळी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कमिटीत चार प्राध्यापक होते, त्यांनाही दिसली नाही. रिव्ह्यूअर दोन होते, त्यांनी इंग्रजी सुधारायला सांगितलं.

घरच्या टाकीचं उदाहरण घ्या. गच्चीवर टाकी आहे, तिला बॉलकॉक आहे, भरली की पाणी आपोआप बंद होतं. खालची मोटर नवी असताना टाकी १९ मिनिटांत भरते. पण तुमची सवय अशी की मोटर लावायची आणि एका तासाने बंद करायची. रोज वर जाऊन बघता, टाकी भरलेली. वर्षभराने मोटर निम्म्या ताकदीवर आली. आता टाकी भरायला ३८ मिनिटं लागतात. तुम्ही तासाने वर जाता, टाकी भरलेली. मोटरची ताकद एक तृतीयांशावर आली तरी ५७ मिनिटांत टाकी भरतेच. तुम्ही शेजाऱ्याला सांगता, मोटर एकदम नवीकोरी आहे, रोज शंभर टक्के टाकी भरते.

माझे मणी म्हणजे ती मोटर आणि ९७ टक्के कन्व्हर्जन म्हणजे ती भरलेली टाकी. मी मोटर कधी मोजलीच नाही, दहा वेळा वर जाऊन टाकी बघून आले.

हे नंतर पुन्हा करून पाहिलं, तेव्हाचे आकडे वहीतून देते. त्याच पद्धतीने बनवलेले मणी, तेच द्रावण, फक्त या वेळी ९७ टक्क्यांना पोचायला किती वेळ लागला ते मोजलं. पहिली खेप १९ मिनिटं. तिसरी २४. पाचवी ३१. सातवी ४०. दहावी ५८. म्हणजे दहाव्या खेपेला वेग पहिल्याच्या एक तृतीयांश उरला होता, आणि जुन्या ग्राफातला साठ मिनिटांचा नमुना मात्र गुणी मुलासारखा 'हजर, ९५ टक्के' म्हणत होता. बारावी खेप केली असती तर खांब डोळ्यांदेखत बुटका झाला असता. पण दहाला थांबायची आपल्याकडे पद्धत आहे.

मोकळ्या एन्झाइमसाठी हा विचार सेल्विन यांनी १९६५ मध्ये मांडून ठेवलाय. एन्झाइमचं प्रमाण गुणिले वेळ हा अक्ष घ्या, त्यावर तयार झालेला पदार्थ मांडा. एन्झाइम निम्मं केलं आणि वेळ दुप्पट दिला तर बिंदू एकाच रेषेवर पडतात. म्हणजे वेळ भरपूर दिला की कमी एन्झाइमही तोच निकाल देतं. हे मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःच्या ग्राफला लावून पाहायचं मात्र सुचलं नाही.

कळलं कसं, तर नोकरीत. औषधांचे इंटरमीडिएट बनवणाऱ्या एका कंपनीत बायोकॅटॅलिसिसच्या गटात लागले. दुसऱ्या महिन्यात एका नव्या सप्लायरच्या इमोबिलाइज्ड एन्झाइमचा रिपोर्ट माझ्याकडे आला. प्लँटमधून बॅच शीट मागवल्या, वीस बॅचचं कन्व्हर्जन एक्सेलमध्ये उतरवलं. सगळं ९८ च्या वर. मी लिहिलं, स्थिरता उत्तम. सही घ्यायला प्लँटमध्ये गेले तर तिथले शिफ्टचे काका, तीस वर्षं रिॲक्टरजवळ उभे राहिलेले, कागद बघून म्हणाले, "मॅडम, कन्व्हर्जन तर येणारच की. आल्याशिवाय आम्ही बॅच सोडतो का? टाइम बघा."

बॅच शीटवर वेळ होती. प्रत्येक शीटवर, उजव्या कोपऱ्यात, निळ्या पेनने. पहिली बॅच ७० मिनिटं, विसावी ११५. अल्कली किती वेळात आत गेली तेही लिहिलेलं. मी तो रकाना एक्सेलमध्ये घेतलाच नव्हता.

त्या रात्री घरी येऊन थिसिस उघडला. पुढचं तुम्हाला कळलं असेल.

तर आता करायचं काय? एकच पक्कं करा. खेपेच्या शेवटचा आकडा मोजायचा नाही, सुरुवातीचा वेग मोजायचा. कन्व्हर्जन १० टक्क्यांच्या आत असताना, निदान चार-पाच बिंदू, सरळ रेषा येतेय हे बघून. पेनिसिलीन ॲसायलेजवाले तर यात नशीबवान आहेत. एक रेणू तुटला की तुटलेल्या साखळीचा एक रेणू, फिनाइल ॲसिटिक आम्ल, बाहेर पडतो आणि पीएच स्थिर ठेवायला तेवढीच अल्कली लागते. म्हणजे मिनिटाला किती अल्कली गेली हाच तुमचा वेग, फुकटात, रंगाची भानगड न करता. पीएच-स्टॅट (आपोआप अल्कली सोडून पीएच स्थिर ठेवणारं यंत्र) नसेल तर हाताने ब्युरेट सोडा, दर तीस सेकंदांनी वाचन लिहा. हात दुखतो, पण मोजमाप खरं असतं. अल्कली मात्र सौम्य घ्या. तीव्र कॉस्टिक सोडा थेंबथेंब टाकला तर जिथे थेंब पडतो तिथे एन्झाइमही मरतं आणि पेनिसिलीनची बीटा-लॅक्टम रिंगही फुटते.

आणि वेगही मोजायचा नसेल, फार घाई असेल, तर निदान मण्यांचं प्रमाण इतकं कमी ठेवा की पहिल्या खेपेच्या शेवटी कन्व्हर्जन ५०-६० टक्केच होईल. मग एन्झाइम मेलं की आकडा लगेच खाली येईल. ग्राफ कुरूप दिसेल. दिसू दे.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण याच्या पोटात आणखी एक खोटेपणा लपलेला असतो आणि तो सुरुवातीच्या वेगालाही फसवतो. मणी मोठा असेल आणि आत एन्झाइम ठासून भरलं असेल, तर सब्सट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, इथे पेनिसिलीन) मधोमध पोचायच्या आतच संपून जातं. बाहेरच्या थरातलं एन्झाइम राबतं, आतलं नुसतं बसून असतं. सरकारी कचेरीसारखं म्हणा. बाहेरच्या थरातले थोडे मेले की सब्सट्रेट जरा आत शिरतं आणि रिकामं बसलेलं एन्झाइम कामाला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच बिघडलेलं नाही. डिफ्युजनच, म्हणजे सब्सट्रेटचं मण्यात झिरपणंच, सगळा वेग ठरवत असेल आणि सब्सट्रेट विरळ असेल, अशा टोकाच्या परिस्थितीत वेग एन्झाइमच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणजे निम्मं एन्झाइम मेलं तरी वेग ७१ टक्के दिसणार, तीन चतुर्थांश मेलं तेव्हा कुठे निम्मा. माझे मणी अडीच मिलिमीटरचे होते, अभिमानाने फोटोत शेजारी पट्टी ठेवलेली. कारखान्यात वापरतात ते रेझिनचे तयार मणी मिलिमीटरच्या काही दशांशाचे असतात. का, ते आता कळलं. म्हणजे दहाव्या खेपेला वेग एक तृतीयांश उरला हे जे वर सांगितलं, त्यातही मण्यांनी मला थोडी उदारपणे वागणूक दिली असणार. आतलं खरं एन्झाइम त्याहून कमी उरलं असणार.

तपासायला सोपं आहे. थोडे मणी खलबत्त्यात बारीक करा आणि तेवढ्याच वजनाच्या अख्ख्या मण्यांशी वेग ताडून बघा. बारीक केल्यावर वेग उडी मारून वाढला तर तुमचे मणी उपाशी आहेत. अर्धा दिवस लागतो या प्रयोगाला. मी चार वर्षांत तो अर्धा दिवस काढला नाही, पण एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) फोटोंसाठी तीन आठवडे रांगेत उभी राहिले. एसईएमचे फोटो छान आले, त्यातून काही कळलं नाही.

डिफ्युजन, थील मॉड्युलस, इफेक्टिव्हनेस फॅक्टर (मण्याच्या आतलं किती एन्झाइम खरंच राबतं याचे हिशेब) ही प्रकरणं आपल्या बायोटेकच्या मुलांना नकोशी वाटतात. मलाही वाटायची. पण या विषयात तुम्ही अर्धे जीवशास्त्रज्ञ आणि अर्धे केमिकल इंजिनीअर असता, दुसऱ्या अर्ध्याला पळवाट नाही. कॉलेजात केमिकल इंजिनीअरिंगचा विभाग असेल तर तिथल्या एखाद्या एम.टेक.च्या मुलाशी चहाची ओळख करा. दोन कप चहात मला जे समजलं ते चार सेमिनारांत समजलं नव्हतं.

गळतीचं थोडक्यात. मण्यांमधून एन्झाइम सुटून पाण्यात येत असेल तर तेही काम करतंच, आणि तुम्ही त्याचं श्रेय मण्यांना देता. रिॲक्शन अर्ध्यावर असताना मणी गाळून टाका आणि नुसतं पाणी पुढे चालू ठेवा. कन्व्हर्जन वाढत राहिलं तर गळतंय. अल्जिनेटमधून लहान एन्झाइम सर्रास गळतात. आणि नोव्होझाइम ४३५ सारखं नावाजलेलं कॅटॅलिस्टसुद्धा, ज्यात लायपेज रेझिनवर फक्त हायड्रोफोबिक ओढीने चिकटलेलं असतं, सेंद्रिय द्रावकात महिनोन् महिने चालेल, पण साबणासारखं काही असलेल्या पाण्यात टाकलं की एन्झाइम सोडायला लागतं. त्यात त्याचा दोष नाही, ते त्या कामासाठी बनवलेलंच नाही.

इपॉक्सी रेझिनवाल्यांना एक वाक्य: मीठ भरपूर ठेवा, वेळ भरपूर द्या आणि शेवटी उरलेले इपॉक्सी गट ग्लायसिनने बंद करा, नाहीतर ते फ्रिजमध्येही तुमच्या एन्झाइमला धरत राहतात आणि महिन्याभराने ॲक्टिव्हिटी का पडली म्हणून तुम्ही सप्लायरला दोष देत बसता.

आता माझी मतं. पटली नाहीत तर सोडून द्या.

रेझिन विकत घेणं म्हणजे फसवणूक नाही. आपल्याकडे सपोर्ट, म्हणजे एन्झाइम ज्यावर बसवायचं तो पदार्थ, स्वतः बनवायची एक हौस आहे. भाताचं तूस, नारळाची काथ्या, कोळंबीच्या कवचापासून चिटोसान. चिटोसान मीही केलं, हात आठवडाभर वास मारत होते. कचऱ्यातून काहीतरी करायची भावना चांगली आहे. पण एन्झाइमचा अभ्यास करायचाय की सपोर्टचा, हे आधी ठरवा. दोन्ही एकदम केलं की काही बिघडलं तर कुणामुळे ते कधीच कळत नाही. रेझिन बनवणाऱ्या कंपन्यांना नीट ईमेल लिहून मागितलं तर नमुना पाठवतात. मला दोनदा आला, एकदा कुरिअरचे पैसेही त्यांनीच भरले.

मॅग्नेटिक नॅनोपार्टिकलबद्दल माझं मत जरा कडवट आहे. एका लोहचुंबकाने बीकरच्या भिंतीला काळा डाग गोळा झालेला फोटो प्रत्येक पेपरात असतो. हजार लिटरच्या रिॲक्टरमधून ते कसं गोळा करणार हे विचारलं की मंडळी विषय बदलतात. तुम्हाला पेपर हवाय तर करा. नोकरी हवी असेल तर गाळणीवर राहील असं काहीतरी करा.

गाइड निवडताना लोक इम्पॅक्ट फॅक्टर बघतात. मी बघेन की गाइड विद्यार्थ्यांची कच्ची वही उघडतात का. पॉवरपॉइंटवरचा ग्राफ सगळेच बघतात. माझ्या मॅडम हुशार होत्या, माणूस म्हणून चांगल्या होत्या, माझी फेलोशिप थकली तेव्हा स्वतःच्या खिशातून पैसे दिलेत त्यांनी. पण चार वर्षांत माझी वही त्यांनी दोनदा पाहिली. वही पाहिली असती तर 'नमुना ६० मिनिटांनी' ही ओळ दहा वेळा दिसली असती आणि त्यांनी नक्की विचारलं असतं, मधले नमुने कुठे आहेत? त्यांच्यावर राग नाही. विचारणारं कुणी नसेल तर स्वतःच शेजारच्या बाकावरच्या मुलीला वही वाचायला द्या, तिची तुम्ही वाचा. आणि भांडी धुणाऱ्या दादांना, प्लँटच्या काकांना विचारा. त्यांना थिअरी सांगायची नसते, त्यामुळे ते समोर जे आहे ते बघतात.

नोकरीचं बोलायचं तर घाबरू नका, पीएच.डी. नसली तरी चालतं. आमच्या गटात निम्मे एम.एस्सी. आहेत. ठाण्याच्या ॲडव्हान्स्ड एन्झाइमसारख्या एन्झाइम बनवणाऱ्या कंपन्या आहेत आणि ते विकत घेऊन वापरणाऱ्या औषध कंपन्या आहेत. दुसऱ्या बाजूला जागा जास्त असतात, पण नवीन मुलांना ती बाजू माहीतच नसते. 'एन्झाइम' शब्द शोधत बसू नका, जाहिरातीत 'बायोकॅटॅलिसिस' किंवा नुसतं 'प्रोसेस डेव्हलपमेंट' लिहिलेलं असतं. इंटरव्ह्यूला मला पेपरांबद्दल एक प्रश्न आला आणि पैशांबद्दल चार. एक किलो मण्यांवर किती किलो माल निघतो? म्हणजे किलो मालामागे एन्झाइमचा खर्च किती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रेझिनची किंमतही कधी पाहिली नव्हती, चिटोसान घरचं होतं ना. तुम्ही हा हिशेब थिसिसच्या शेवटी एका पानात करून ठेवा. आकडा वाईट आला तरी चालेल, हिशेब करता येतो हे दिसलं पाहिजे. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) स्वतःच्या हाताने चालवता आली पाहिजे. मटेरियल बॅलन्स जुळवता आला पाहिजे, म्हणजे टाकलेलं सगळं पेनिसिलीन शेवटी कुठेतरी सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर कुठे गेलं याचा अंदाज तरी हवा.

प्रयोग फसत असतील, एन्झाइम बसत नसेल, तर ते चालायचंच. त्याने कुणाचं करिअर बुडत नाही, तीन महिने ग्लुटराल्डिहाइडने मला रडवलं आणि तरी मी इथे आहे. खरी भीती सगळं छान चालल्यावर बाळगा. खांब सरळ रांगेत उभे दिसले की त्या दिवशी घरी लवकर जाऊ नका, पाच मिनिटांना, दहा मिनिटांना, पंधरा मिनिटांना नमुना काढा आणि मग झोपा.

माझा तो पेपर अजून आहे. थिसिस जमा होऊन डिग्री मिळाली होती. मॅडमना मी नवे आकडे पाठवले, त्यांचं उत्तर आलं, "बघू, करेक्शन टाकता येईल का." त्याला दोन वर्षं झाली. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा धीर झाला नाही, हेही खरं. पेपरला सायटेशन येतात. प्रत्येक नोटिफिकेशनला पोटात थोडं ढवळतं.

मागच्या महिन्यात एका पीएच.डी.च्या मुलाचा ईमेल आला. तुमच्या पद्धतीने मणी केले, पण दहाव्या खेपेला ९५ टक्के येत नाही, ८२ च येतंय, माझं कुठे चुकतंय? मी त्याला दुसऱ्या वेळच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. १९, २४, ३१, ४०, ५८. खाली टाकी आणि मोटरचं उदाहरण लिहिलं, बाबांचा रोलरसुद्धा. दोन तासांत उत्तर आलं. "खूप धन्यवाद मॅडम. मग मी ६० ऐवजी ९० मिनिटं ठेवू का?"

मी त्याचा फोन नंबर मागून घेतला.